निसर्गाची वही तपासणारा हिशेबनीस

दोस्तांनो, एक कोडं घालतो. आंब्याच्या बागेत माकड शिरतं, आंबे ओरबाडतं आणि पसार होतं. मधमाशीही त्याच बागेत येते आणि मोहोरातला मकरंद घेऊन जाते. दोघंही मालकाला न विचारता घेतात. मग चोर कोण?

'दोघंही' म्हणू नका हं! मधमाशी जाता जाता या फुलाचे पराग त्या फुलावर पोचवते. तिच्यासारख्या कीटकांमुळेच तर फळ धरतं. माकड मात्र झाडासाठी काडीचंही काम करत नाही.

माणसानं माकडासारखं जगायचं की मधमाशीसारखं, हा प्रश्न जे. सी. कुमारप्पा नावाच्या अर्थतज्ज्ञांनी विचारला. त्यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरचा. लंडनला शिकून ते हिशेबतपासनीस झाले. मुंबईत त्यांचं काम छान चाललं होतं. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात ते अर्थशास्त्र शिकले. भारत गरीब का, हे शोधताना त्यांनी इंग्रज सरकारच्या जमाखर्चाची वहीच तपासली आणि लूट उघडी पडली!

१९२९ साली ते साबरमती आश्रमात गेले. झाडाखाली एक म्हातारे गृहस्थ सूत कातत होते. हेच गांधीजी, हे कळताच कुमारप्पा झोकदार पाटलोणीच्या इस्त्रीची पर्वा न करता जमिनीवरच बसले. मग सूटबूट सुटला आणि खादी आली. गांधीजींनी त्यांना गुजरातेतल्या मातर तालुक्यात पाठवलं. गावोगाव हिंडून त्यांनी शेतकऱ्यांची मिळकत आणि कर्ज यांचा हिशेब मांडला.

१९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याचं ठाणं आपल्या वर्ध्याला, मगनवाडीत. कुमारप्पा त्याचे चिटणीस. तिथं तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन असे उद्योग सुरू झाले. रॉकेलऐवजी वनस्पतीच्या तेलावर जळणारा 'मगनदीप'ही तिथलाच.

रॉकेल का नको? कुमारप्पा म्हणत, निसर्गाची संपत्ती दोन तऱ्हेची असते. एक टाक्यातल्या पाण्यासारखी. कोळसा, खनिज तेल, लोखंड ही ती. उपसाल तेवढी कमीच होणार. दुसरी वाहत्या ओढ्यासारखी. बियांचं तेल पुढच्या हंगामात पुन्हा मिळतं. टाक्यावर विसंबलं की ते आटत जातं आणि उरलेल्या पाण्यासाठी भांडणं होतात, लढायाही होतात. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी हे विचार लिहून काढले. १९४५ साली त्यांचं 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स', म्हणजे चिरकाल टिकणारी अर्थव्यवस्था, हे पुस्तक निघालं.

स्वातंत्र्यानंतर देशानं मोठमोठ्या कारखान्यांची वाट धरली. गावाकडे बघा, असं सांगणारे कुमारप्पा अनेकांना जुन्या वळणाचे वाटले. पुढे ते तामिळनाडूतल्या एका खेड्यात राहिले आणि ३० जानेवारी १९६० रोजी वारले. गांधीजींची पुण्यतिथीही तीच!

आज कोळसा आणि पेट्रोलच्या धुरानं पृथ्वी तापते आहे. जग पुन्हा ऊन आणि वारा या 'ओढ्यां'कडे वळू लागलंय. हिशेबनिसाची वही खरी ठरली म्हणायची!

तुम्हीही एक वही करा. घरातल्या दहा वस्तू लिहा. टाक्यातल्या किती आणि ओढ्यातल्या किती? आणि शेवटच्या ओळीत लिहा, 'मी कोण, माकड की मधमाशी?' उत्तर मात्र प्रामाणिक हवं बरं का!