मातींतील अदृश्य राखणदार

वैजापूर तालुक्यांतील काळ्या जमिनींत तूर आणि हरभरा हीं पिकें आपल्या घरच्या वरण-पुरणाशीं बांधलेलीं आहेत. तूर, म्हणजे संस्कृतांतील आढकी, छातीइतकी वाढावी, फुलावर यावी, आणि शेंगा धरण्याच्या ऐन वेळीं एकेक झाडानें मान टाकून उभ्या उभ्या वाळावें, हें दुःख ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांस नव्यानें सांगावयास नको. शेतकरी यास ‘मर’ म्हणतात.

१९१० सालीं बिहारांतील पुसा येथील बटलर या शास्त्रज्ञांनीं तुरीच्या मरीस कारण होणाऱ्या बुरशीचें वर्णन प्रसिद्ध केलें. ती फ्युझेरियम जातीची. ही मुळावाटे आंत शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजविते. खोड चिरून पाहिल्यास काळपट रेघा दिसतात. भोंवतीं ओल असूनही झाड तहानेनें मरतें. पीक निघालें तरी ही बुरशी जमिनींत वर्षानुवर्षें दबा धरून राहते. म्हणूनच पानांवर औषध फवारून तिचा निःपात होत नाहीं.

मग तिला आवरील कोण? उत्तर त्याच मातींत आहे. मुळांतून पाझरणाऱ्या रसावर सूक्ष्म जंतूंची दाट वस्ती असते. जंतु म्हणतांच आपल्या घरांत दचकण्याची रीत आहे. परंतु दुधाचें दहीं करणारेही जंतूच ना? ‘स्युडोमोनस फ्लुओरेसन्स’ हा असाच उपकारक जंतु. तो मुळांपाशीं आधींच बिऱ्हाड करितो. पिंवळट-हिरव्या द्रव्याच्या योगें मातींतील लोह ओढून घेऊन बुरशीची उपासमार करितो. कांहीं वाण तर बुरशीस मारक द्रव्यें स्रवतात आणि झाडाची प्रतिकारशक्तिही जागवितात. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशीच; पण ती रोगट बुरशीस खाते. कांट्यानें कांटा काढावा, तसेंच हें.

परभणी येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठांत अशा मित्रजीवांचें मिश्रण ‘बायोमिक्स’ या नांवानें तयार होतें. स्युडोमोनसची भुकटी साधारणतः किलोभर बियाण्यास १० ग्रॅम चोळावी, बियाणें सावलींत सुकवावें आणि त्याच दिवशीं पेरावें. ताम्रयुक्त औषधाशीं ती मिसळूं नये व पुड्यावरील मुदत अवश्य पाहावी. कारण जंतु जिवंत असतील तरच उपयोग.

मात्र एक गोष्ट आम्हांस स्पष्ट सांगितली पाहिजे. मान टाकलेलें झाड यानें उठत नाहीं. मर दिसल्यावर केलेली धांवपळ म्हणजे वरातीमागून घोडें. शिवाय बदनापूर केंद्राच्या बी.डी.एन. ७११ सारखा मर सोसणारा वाण आणि तुरीनंतर पुन्हां तूर न घेण्याची शिस्त, यांवांचून एकट्या जंतूंवर भिस्त ठेवणें व्यर्थ होय.

ज्या कुटुंबांची शेती वाट्यानें लाविलेली आहे, त्यांनीं बियाण्याचा पैसा देतांनाच या भुकटीचाही द्यावा, अशी आमची विनंति आहे. पीक गेल्यास आपलें केवळ वरण पातळ होईल. कसणाऱ्याचें वर्ष जाईल.