जाळ्याचा हिशेब

ग्वाल्हेर शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, सांक नदीवर, तिघऱ्याचे धरण आहे. ते १९१६ साली बांधून झाले. सर विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली पुण्याजवळ खडकवासल्याला प्रथम बसविलेली स्वयंचलित दारे पुढे याही धरणाला बसविण्यात आली, त्यामुळे महाराष्ट्राचे आणि या जलाशयाचे नाते जुनेच म्हणावे लागेल. परंतु हे धरण पुरे होऊन फार काळ लोटला नाही तोच, १९ ऑगस्ट १९१७ रोजी, ते फुटले. पायाखालच्या वालुकाश्मात झिरपत गेलेले पाणी हे त्या दुर्घटनेचे एक मुख्य कारण सांगतात. पुढे धरण पुन्हा उभे राहिले, आणि आज तिघऱ्याचे पाणी मोतीझीलच्या शुद्धीकरण केंद्रातून ग्वाल्हेरच्या घराघरांत पोहोचते.

वाचकहो, जुनी गोष्ट आठवण्याचे कारण एवढेच की, जे डोळ्यांना दिसत नाही ते झिरपणे मनुष्य हिशेबात धरीत नाही. आज आपल्या देशातील तळ्यांत व जलाशयांत आणखी एक झिरपणे चालू आहे. ते पाण्याचे नव्हे, प्लास्टिकचे आहे. आणि ते बाहेरून येत नाही, तर आपणच पाण्यात उतरविलेल्या साधनांतून होत आहे. मत्स्यपालनाची जाळी, दोर, तरंगक, नळ्या आणि ताडपत्र्या यांचा येथे विचार करावयाचा आहे. तिघऱ्यात असे घडत आहे, असा आरोप कोणी यातून काढू नये. जेथे जेथे एकाच पाण्यावर माणसाची तहान आणि माशांची शेती या दोहोंचा भार पडतो, तेथे तेथे हा प्रश्न लागू आहे.

मासे पिकविण्याचे युग

मासे पकडणे हा जुना धंदा, मासे पिकविणे हा त्या मानाने नवा. तथापि हा नवा धंदा आता जुन्याच्या पुढे गेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे, २०२२ साली जगात पाळून वाढविलेल्या जलचर प्राण्यांचे उत्पादन ९ कोटी ४४ लाख टनांवर गेले, आणि ते एकूण उत्पादनाच्या ५१ टक्के होते. पकडलेल्यापेक्षा पाळलेले अधिक, असे त्या वर्षी प्रथमच घडले. या कामात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो. आपल्या शासनाने २०२० साली २०,०५० कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना हाती घेतली. जलाशयातील पिंजरे, बायोफ्लॉकच्या टाक्या, नवी तळी अशा अनेक कामांना तिच्यातून साहाय्य मिळते.

हे सारे वाईट आहे असे कोण म्हणेल? पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झाले, तेव्हा कितीतरी आदिवासी कुटुंबांची शेते पाण्याखाली गेली. त्याच पाण्यावर पुढे या लोकांनी सहकारी संस्थेच्या आधारे मासेमारीचा हक्क मिळविला. मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेने त्यांना पिंजऱ्यात मत्स्यबीज वाढविण्याचे तंत्र शिकविले, आणि त्यांच्यात काम करणाऱ्या 'शाश्वत' या संस्थेस २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा विषुववृत्त पुरस्कार लाभला. झारखंडात सुवर्णरेखेवरील चांडिल धरणामुळे उठलेल्या लोकांनीही पिंजऱ्यांतील माशांवर पुन्हा संसार उभे केले. विदर्भ-मराठवाड्यात शेततळ्यात मासे सोडून चार पैसे मिळविणारा शेतकरी आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ज्याची जमीन गेली त्याला पाण्याने हात दिला, ही उपकाराचीच गोष्ट होय. म्हणूनच त्या पाण्याची काळजी अधिक घ्यावयास हवी.

साधने झिजतात कशी?

एकेकाळी आपल्याकडील जाळी सुताची किंवा सणाची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढीत. तरीही ती लवकर फाटत आणि फाटलेले जाळे मातीत मिळून जाई. १९३५ साली नायलॉनचा शोध लागला आणि काही दशकांतच जगातील मच्छीमारांच्या हाती नवे जाळे आले. ते हलके, बळकट व न कुजणारे होते. मच्छीमाराचे कष्ट त्याने खरोखर कमी केले. परंतु 'न कुजणारे' हाच जो गुण, तोच पुढे दोष ठरला.

आजच्या पिंजऱ्याकडे पाहा. चौकट लोखंडी किंवा प्लास्टिकची, खाली तिला तोलून धरणारे पिंप, आत जाळे, बाहेर संरक्षक जाळे, वर पक्ष्यांसाठी आणखी एक जाळे आणि सर्वांना बांधणारे पॉलिप्रोपिलीनचे दोर. खाद्याची पोतीही विणलेल्या प्लास्टिकचीच. बायोफ्लॉकची टाकी ताडपत्रीची, हवेच्या नळ्या प्लास्टिकच्या, आणि पाणी जिरू नये म्हणून शेततळ्याला घातलेले अस्तरही प्लास्टिकचे.

यातील प्रत्येक वस्तू वर्षानुवर्षे उन्हात आणि पाण्यात असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण प्लास्टिकचे लांबलचक रेणू तोडतात, त्यामुळे ते ठिसूळ होते आणि त्यावर बारीक भेगा पडतात. मग दोर चौकटीवर घासतो, जाळे लाटेबरोबर हलते, मासे त्याला अंग घासतात. जाळ्यावर शेवाळ चढले की पाणी खेळत नाही, म्हणून ते ब्रशने खरवडून साफ करावे लागते आणि उन्हात वाळवावे लागते. प्रत्येक खरवडण्यात काही तंतू सुटतात. जाळे दुरुस्त करताना कापलेले तुकडे बहुधा काठावरच पडतात आणि पहिल्या पावसात पाण्यात जातात.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान, अशा तुकड्यांना शास्त्रज्ञ सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे प्राध्यापक रिचर्ड थॉम्पसन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली या कणांवर लेख लिहिला, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. प्लास्टिक असे बारीक झाले म्हणजे ते संपत नाही. फक्त ते हाताने उचलण्याजोगे राहत नाही.

पाण्याचे तीन मजले

आपल्याकडील तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे एकत्र सोडण्याची पद्धत आहे, आणि तिच्यात मोठे शहाणपण आहे. कटला पाण्याच्या वरच्या थरातले अन्न खातो, रोहू मधल्या थरातले, तर मृगळ तळाच्या चिखलातले. एका घरात तीन बिऱ्हाडे, पण चुली निराळ्या, म्हणून भांडण नाही.

दुर्दैवाने प्लास्टिकनेही या तिन्ही मजल्यांवर बिऱ्हाड केले आहे. दोरांतील व पोत्यांतील पॉलिप्रोपिलीन आणि तरंगकांतील पॉलिएथिलीन पाण्याहून हलके असते. त्याचे कण वर तरंगतात, म्हणजे कटल्याच्या तोंडाशी येतात. त्यांच्यावर जीवाणू व शेवाळ यांचा लेप बसला की ते जड होतात आणि हळूहळू खाली उतरू लागतात, म्हणजे रोहूच्या वाटेवर येतात. जाळ्यातील नायलॉन मुळातच पाण्याहून जड. ते सरळ तळाशी जाऊन मृगळाच्या चिखलात मिसळते. शेवाळाचा लेप असलेला कण माशाला अन्नासारखाच भासतो.

असा कण पोटात गेला म्हणजे पोट भरते, पण पोषण होत नाही. प्रयोगशाळेत माशांना प्लास्टिकचे कण खाऊ घातले असता त्यांच्या आतड्यांना दाह होणे, वाढ खुंटणे असे परिणाम दिसले आहेत. मात्र या प्रयोगांत निसर्गात आढळते त्याहून अधिक प्रमाण पुष्कळदा वापरलेले असते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शिवाय प्लास्टिक टिकाऊ व रंगीत व्हावे म्हणून त्यात घातलेली रसायने पाण्यात उतरतात, आणि पाण्यातील इतर विषारी द्रव्ये कणांच्या पृष्ठभागाला चिकटतात. माशाच्या आधी पाण्यातील सूक्ष्म जीव हे कण गिळतात आणि त्यांना खाणाऱ्यांपर्यंत ते पोहोचवितात. ज्या तळ्याच्या जिवावर मत्स्यपालन चालते, त्या तळ्याची अन्नसाखळीच अशी हळूहळू भेसळीची होते.

आपल्या पानापर्यंत

गृहिणींच्या मनात येथे शंका येईल की, मग मासे खावेत की नाहीत? घाबरून जाण्याचे कारण नाही. अन्न व कृषी संघटनेने २०१७ साली मत्स्यव्यवसायातील सूक्ष्म प्लास्टिकवर एक विस्तृत अहवाल काढला आहे. माशातील हे कण बहुतांशी त्याच्या आतड्यात असतात, आणि मोठा मासा आपण साफ करूनच शिजवितो. जे लहान मासे आतड्यासकट खाल्ले जातात, त्यांच्याबाबत मात्र अधिक सावधगिरी हवी.

पिण्याच्या पाण्यातील कणांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अहवाल दिला. उपलब्ध पुराव्यावरून आरोग्यास धोका आहे असा ठाम निष्कर्ष काढता येत नाही, परंतु संशोधन वाढवावे आणि प्रदूषण आत्ताच कमी करावे, असे त्याचे सांगणे होते. त्यानंतर २०२२ साली नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी २२ माणसांचे रक्त तपासले, तेव्हा १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक आढळले. त्याने नेमके काय बिघडते याचा शोध चालू आहे. शहाणा मनुष्य मात्र घराला आग लागण्याची वाट पाहून मग विहीर खणावयास घेत नाही.

केवळ मत्स्यपालनालाच दोष देणे न्यायाचे होणार नाही, हेही खरे. सूक्ष्म कणांच्याच रूपाने समुद्रात पोहोचणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ३५ टक्के कृत्रिम धाग्यांचे कपडे धुण्यातून आणि २८ टक्के गाड्यांचे टायर झिजण्यातून येते, असा निसर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा २०१७ सालचा अंदाज आहे. मग मत्स्यपालनाचाच विचार वेगळा का करावा? कारण आपल्या मोरीतील पाणी आणि नदी यांच्यामध्ये निदान गटार असते, कोठे कोठे शुद्धीकरण केंद्रही असते. पिंजरा आणि पाणी यांच्यामध्ये काहीच नसते. दुसरे असे की, लक्षावधी टायरांतून सुटलेला कण कोणाचा हे सांगता येत नाही. जलाशयातील जाळे मात्र कोणाचे ते सर्व गावाला ठाऊक असते. जेथे मालक ठाऊक आहे, तेथे हिशेब शक्य आहे.

हिशेबाची वही

एखाद्या मत्स्यपालकाला विचारा की, बोटुकली किती सोडली? तो आकडा सांगेल. खाद्याची पोती किती लागली, तेही सांगेल. पण गेल्या पाच वर्षांत किती किलो जाळे आणि किती किलो दोर पाण्यात उतरविले, आणि त्यातले किती बाहेर काढले, हे विचारा. बहुधा तो तुमच्याकडे पाहतच राहील. ज्याचा हिशेब वहीत नाही, त्याची भरपाई पाण्याला करावी लागते.

इतर देशांनाही हे अनुभवाने शिकावे लागले. दक्षिण कोरियात कालवांच्या शेतीसाठी थर्मोकोलचे तरंगक वापरीत. त्यांच्या फुटलेल्या पांढऱ्या मण्यांनी किनारे भरले, तेव्हा २०२२ पासून तेथे असे नवे तरंगक लावण्यास टप्प्याटप्प्याने बंदी आली. नॉर्वेत सामन माशांना हवेच्या जोराने नळ्यांतून खाद्य पोहोचविले जाते. त्या माऱ्याने नळ्या आतून झिजतात आणि तो कीस खाद्याबरोबरच पाण्यात पडतो, हे तेथील शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. आपल्या देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. त्या यादीत सजावटीचा थर्मोकोल आहे, म्हणून गणपतीच्या मखराला तो चालत नाही. पण तळ्यातील तरंगकाचे नाव त्या यादीत नाही. प्लास्टिकविषयी जागतिक करार करावा असे मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे ठरले, परंतु ऑगस्ट २०२५ मधील जिनिव्हाची बैठकही एकमताविना उठली. तेव्हा जगाच्या कराराची वाट पाहत बसण्यापेक्षा आपल्या तळ्यापासून आरंभ करणे बरे.

हा आरंभ अवघड नाही. जाळे व दोर तोलून पाण्यात उतरवावेत, तोलूनच बाहेर काढावेत, आणि दोन्ही वजने वहीत मांडावीत. जीर्ण जाळे तुटेपर्यंत पाण्यात ठेवू नये. ठिसूळ होताच बदलावे. वापरात नसलेले जाळे उन्हात न टाकता सावलीत ठेवावे. दुरुस्तीच्या वेळी खाली कापड अंथरावे आणि तुकडे पिशवीत भरावेत. उघडा थर्मोकोल तरंगक म्हणून कधीही वापरू नये. खाद्याची रिकामी पोती मोजून विक्रेत्याकडे परत द्यावीत. जलाशय ठेक्याने देताना, जुनी साधने परत आणून दाखविल्यावाचून अनामत रक्कम मिळणार नाही, अशी अट घालणे शासनाच्या हाती आहे. साधनांसाठी अनुदान मिळते, तसे जीर्ण साधने गोळा करण्यासाठीही मिळावयास हवे. गरिबाने एकट्याने हा भार सोसावा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आणि मासे घेणाऱ्या आपण शहरवासीयांनीही सहकारी संस्थेला एवढे विचारावे की, जुन्या जाळ्यांचे तुम्ही काय करता? गिऱ्हाईक विचारू लागले की विक्रेता विचार करू लागतो.

गालीलाच्या सरोवराकाठी जब्दीचे पुत्र आपली जाळी नीट करीत बसले होते, तेव्हा त्यांना हाक आली, हे आपण शुभवर्तमानात वाचतो. जाळे टाकणे हा मच्छीमाराच्या कामाचा अर्धा भाग. ते ओढून घेणे, पाहणे, सांधणे हा दुसरा अर्धा. आजच्या मत्स्यपालनात पहिला अर्धा भाग फार वाढला, दुसरा मागे पडला. तो पुन्हा शिकावा लागेल. तिघऱ्याच्या पायाखालचे पाणी दिसले नाही, पण त्याचा परिणाम एका दिवसात दिसला. प्लास्टिकचे झिरपणे असे एका दिवशी उघडकीला येणार नाही, आणि म्हणूनच ते आजपासून वहीत मांडले पाहिजे.