एका बल्बच्या उजेडात

आपल्याकडे माणसं निवांत एकत्र बसतात ती रात्री. दिवसा शेत असतं, कारखाना असतो, दुकान असतं. जेवणं उरकली, भांडी आवरली, की मग अंगणात बैठक जमते. आमच्या पाटसचंच घ्या. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं, दौंड तालुक्यातलं हे गाव. इथं लग्नानंतर कुणाच्या दारी जागरण-गोंधळ होतो, तर मुसलमान घरांत लग्नाआधी रतजगा. ढोलकी घेऊन बायका रात्रभर गातात, चुलीवर गुलगुले तळले जातात, नवरीच्या हाताला मेंदी लागते. या सगळ्या प्रसंगांत एक गोष्ट सारखी असते, ती म्हणजे उजेड कमी. एखादा बल्ब, फार तर एक ट्यूब, गोंधळात दिवटीची ज्योत. आणि या रात्रींचे फोटो बहुतेक घरांत एक तर नसतात, नाही तर असून नसल्यासारखे असतात. पुढच्या दोघीतिघींचे चेहरे पिठासारखे पांढरे, डोळे लाल, मागे काळाकुट्ट अंधार.

हा दोष फोटो काढणाऱ्याचा कमी आणि फ्लॅशचा जास्त. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर झपाट्यानं विरतो. चार फुटांवरच्या माणसाला जेवढा उजेड मिळतो, त्याच्या चौथा हिस्सा आठ फुटांवरच्या माणसाला मिळतो आणि बारा फुटांवरच्याला नववा. म्हणजे पुढची नणंद भाजून निघते आणि मागची आजी अंधारात जाते. शिवाय तो उजेड समोरून सपाट पडतो, चेहऱ्यावरच्या सावल्या पुसून टाकतो. दिवटीच्या उजेडात उभा असलेला गोंधळी फ्लॅशमध्ये पाहा. दिवटी विझल्यासारखी दिसते आणि गोंधळी एखाद्या ओळखपत्रावरच्या फोटोसारखा.

माझी अम्मी रतजग्यात गायची. गावात कुठंही लग्न निघालं, की तिला बोलावणं असायचं. तिची गाणी कुणी लिहून ठेवली नाहीत, ती तिच्याबरोबर गेली. रतजग्यातला तिचा एकच फोटो आमच्याकडे आहे आणि त्यात फ्लॅशमुळे तिनं डोळे मिटलेत, हात चेहऱ्यापुढे धरलाय. ढोलकी दिसतच नाही. माझ्या भाचीला तिची नानी गात असताना कशी दिसायची, हे दाखवायला माझ्याजवळ काही नाही.

ही भाची पाटसमध्येच मेंदी काढायची कामं घेते. बायकांच्या बैठकीत बाहेरचा पुरुष फोटोग्राफर येत नाही. मग मेंदी काढून झाली, की बायका तिलाच म्हणतात, तुझ्या मोबाइलवर दोन फोटो काढ गं. त्यातून तिच्या मनात आलं, हेही काम आपणच का करू नये? मेंदीच्या पैशांतून तिनं चाळीस हजार रुपये साठवले होते आणि मला विचारलं, "मामू, जास्त मेगापिक्सेलवाला घेऊ का?" मी बी.ए. झालेला कवी माणूस, पण फोटोचा नाद जुना. त्यामुळे घरातली असली चौकशी माझ्याकडेच येते. तिला जे सांगितलं, तेच जरा सविस्तर इथं मांडतो. वर्षभराच्या कमाईचा प्रश्न होता. असे पैसे घेऊन दुकानात जाणारी ती एकटीच नसणार.

मेगापिक्सेलचं आधी निकालात काढू. आपण ज्याला पोस्टकार्ड साइज म्हणतो, त्या चार बाय सहा इंचांच्या चांगल्या छपाईला २२ लाख पिक्सेल पुरतात, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलही नाहीत. गेल्या पंधरा वर्षांतला कुठलाही बरा कॅमेरा त्याच्या कितीतरी पट देतो. तो आकडा दुकानदाराच्या सोयीचा आहे, तुमच्या नव्हे.

खरा आकडा लेन्सच्या तोंडाशी बारीक अक्षरांत कोरलेला असतो. एफ १.८, एफ २.८, एफ ५.६ असा. हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उजेड आत घेते. हे गणित उलटं वाटतं, पण त्याला कारण आहे. लेन्सच्या नाभीय अंतराला तिच्या आतल्या उघडीपच्या व्यासानं भागून हा आकडा येतो. व्यास मोठा झाला की भागाकार लहान. आणि उजेड व्यासाच्या वर्गात वाढतो. त्यामुळे एफ १.८ ही लेन्स एफ ५.६ पेक्षा तिप्पट नव्हे, जवळजवळ दहापट उजेड घेते. एका साध्या बल्बच्या खोलीत, कॅमेऱ्याचा आयएसओ ३२०० वर ठेवला, तर एफ ५.६ ला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग एवढा वेळ शटर उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात गाणारीची मान हलते, टाळी वाजून जाते. तोच फोटो एफ १.८ ला सेकंदाच्या दीडशेव्या भागात होतो. चेहरा जागच्या जागी राहतो.

आयएसओ म्हणजे मिळालेल्या उजेडाला किती फुगवायचं त्याचा आकडा. फुगवलं की फोटोत दाणे दिसू लागतात. ते किती दिसतील, हे बरंचसं सेन्सरच्या आकारावर ठरतं. पावसात तांब्या ठेवा आणि शेजारी परात ठेवा. पाऊस तोच, पण परातीत पाणी जास्त जमतं. जुन्या स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांतला सेन्सर साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहून लहान. ज्याला 'एक इंची' म्हणतात, तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. (नावातला इंच कुठंही मोजून सापडत नाही, ते नाव टीव्ही कॅमेऱ्यांच्या जुन्या नळ्यांवरून आलंय.) आणि एपीएस-सी नावाचा सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. पहिल्यापेक्षा दुसऱ्याचं क्षेत्रफळ चौपट, तिसऱ्याचं तेरापट.

तुम्ही म्हणाल, हातात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? मोबाइल खरंच सुधारलेत. त्यांचा रात्रीचा मोड एकामागून एक अनेक फोटो घेऊन ते एकमेकांवर बसवतो. समोरची वस्तू स्थिर असेल, तर निकाल छान येतो. रंगलेल्या हाताचा फोटो काढायचा असेल, तर कॅमेरा घेऊच नका. पण माणसं हसत, गात, वाढत असतात. तिथं त्या मोडमध्ये चेहऱ्यावर चेहरा चढतो, नाहीतर कातडी मेणासारखी गुळगुळीत होते. स्थिरीकरण नावाची सोय हल्ली सगळीकडे सांगतात, तिचंही तसंच. ती तुमच्या हाताचा कंप सावरते, समोरच्याच्या मानेची हालचाल थांबवत नाही.

फ्लॅश न वापरता माणसांच्या बैठकी टिपायची धडपड जुनी आहे. जर्मनीत १९२४ च्या सुमारास एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा आला. त्याची लेन्स होती एफ २ ची आणि पुढं एफ १.८ ची. बर्लिनचा एरिख सालोमन यानं तो हाती घेतला. कायदा शिकलेला माणूस. १९२८ मध्ये त्यानं कोर्टातल्या खटल्याचे फोटो चोरून काढले आणि पुढं आंतरराष्ट्रीय परिषदांत दिव्यांच्या उजेडात गप्पा मारणारे, पेंगणारे मुत्सद्दी टिपले. लोक फोटोसाठी बसलेले नाहीत, असे हे फोटो. सालोमन ज्यू होता. १९४४ मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीत त्याचा अंत झाला. त्याच्याकडे काचेच्या प्लेटा होत्या, प्रत्येक फोटोला एक. आपल्याकडे पैसे कमी असले, तरी त्या मानानं सोय पुष्कळ आहे.

आता खरेदी. खिशात मावणारा, लेन्स न बदलता येणारा कॅमेरा हवा असेल, तर एक इंची सेन्सरच्या खाली उतरू नये. सोनीचा आरएक्स १०० हा २०१२ मध्ये आला आणि जुन्या बाजारात सापडतो. पण त्याच्या लेन्सवर दोन आकडे आहेत, एफ १.८ ते ४.९. झूम न करता १.८, पूर्ण झूम केला की ४.९. म्हणजे लांबून फोटो ओढायला गेलात, की उजेडाचं दार मिटत जातं. २०१४ च्या तिसऱ्या मॉडेलात झूम कमी केला, पण लेन्स १.८ ते २.८ ठेवली. रात्रीच्या कामाला तो सौदा चांगला. लेन्सवर हे दोन आकडे नेहमी वाचावेत, आणि दुसरा आधी वाचावा. वीसपट, तीसपट झूमची जाहिरात करणारे छोटे कॅमेरे रतजग्यात निरुपयोगी. रोटी घाटातून वर चढणारी तुकोबांची पालखी लांबून टिपायला ते ठीक, आणि तेही ऊन असताना.

भाचीला हे काम धंदा म्हणून करायचं होतं, म्हणून मी लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याकडे वळलो. इथं माझं मत ठाम आहे. पैसे बॉडीत कमी आणि लेन्समध्ये जास्त घालावेत. बॉडीबरोबर येणारी १६-५० किंवा १८-५५ ची झूम लेन्स एफ ३.५ ते ५.६ असते, ती दिवसाची लेन्स. रात्रीला एका अंतराची, झूम नसलेली लेन्स हवी. सगळे सांगतात, ५० मिलिमीटर एफ १.८ घ्या, स्वस्तातली उत्तम लेन्स. स्वस्त आहे, उत्तमही आहे, पण आपल्या खोल्यांना ती बसत नाही. एपीएस-सी सेन्सरवर आठ फुटांवरून तिच्यात जेमतेम पावणेचार फुटांची रुंदी मावते. दोघी बसल्या की चौकट भरली, आणि मागं सरकायला मागं भिंत. ३० किंवा ३५ मिलिमीटरची लेन्स घेतली, तर तेवढ्याच अंतरावरून साडेपाच-सहा फूट मावतात. नवरी, मेंदी काढणारी आणि ढोलकीवाली एकत्र येतात.

अगदी कमी पैशांत बसवायचं, तर जुना निकॉनचा डीएसएलआर आणि त्यांची ३५ मिलिमीटर एफ १.८ लेन्स. ही लेन्स २००९ पासूनची आणि फक्त दोनशे ग्रॅमची. कॅमेरा मात्र हातात मोठा दिसतो, आतला आरसा उडाल्याचा आवाज येतो आणि बायका लगेच पदर सावरून ताठ बसतात. म्हणून भाचीनं थोडे जास्त मोजून आरसा नसलेला घेतला, सोनीचा ए ६०००, २०१४ चं मॉडेल, आणि त्याला सिग्माची ३० मिलिमीटर एफ १.४. दोन्ही जुनी. चाळीसच्या थोडं वर गेलं, ते तिच्या अम्मीनं घातले.

जुनी वस्तू घेताना दुकानात करायच्या तीन गोष्टी. लेन्स मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. दमट हवेतल्या कपाटात राहिलेल्या लेन्सला ती लागते, आणि ती लेन्स फुकटही घेऊ नये. मग दुकानदाराला ट्यूब बंद करायला सांगा आणि फोकस होतो का पाहा. उजेडात सगळेच कॅमेरे शहाणे असतात, अंधारात काही नुसतेच पुढं-मागं हुडकत राहतात. तिसरं, बॅटरी फुगलेली नाही ना, ते बघा. पुण्यात अशी दुकानं आहेत, मुंबईत फोर्टच्या बोराबाजारात आहेत. मोठी रक्कम ऑनलाइन पाठवून, वस्तू न बघता घेऊ नये.

वापरताना एक अडचण येते, तीही सांगून ठेवतो. लेन्स पूर्ण उघडली, की फोकस फार पातळ होतो. ३० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ ला आठ फुटांवर सुमारे दीड फूट खोलीचं चित्र स्पष्ट देते, पण चार फुटांवर जेमतेम साडेचार इंच. मागच्या ओळीतली आत्या धूसर झाली, तर ती रुसणारच. दोन ओळी असतील, तर एफ २.८ करावं आणि दोन पावलं मागं जावं. फोकस डोळ्यावर धरावा. समोर फेकला जाणारा तो नारिंगी मदतीचा दिवा बंद करून टाकावा, तो फ्लॅशइतकाच दचकवतो. गोंधळात दिवटी चौकटीत असेल, तर कॅमेऱ्याला थोडं उणे करायला सांगावं, नाहीतर ज्योतीची जागा पांढरी ठक्क होते. आणि स्वस्त एलईडी ट्यूबा डोळ्यांना स्थिर वाटल्या, तरी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर त्या सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. फोटोत आडवे पट्टे आले, तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणावं. १/१०० ला ढोलकीवरचा हात किंचित हललेला दिसतो. मला तो तसाच आवडतो.

राहिला एक प्रश्न, तो भाचीनं स्वतःच सोडवला. बायकांच्या बैठकीतले फोटो बायकांपुरते राहायला हवेत. मोबाइलवर काढलेला फोटो अर्ध्या तासात तीन ग्रुपवर फिरतो. कॅमेऱ्याचं कार्ड तिच्या पर्समध्ये राहतं. आधी विचारून काढायचे, जिला नको तिचा काढायचा नाही, आणि कार्ड रिकामं करण्याआधी घरच्या वडीलधाऱ्या बाईला सगळे दाखवायचे, असा तिचा नेम आहे. पण फोटो छापायला स्टुडिओत दिले, की तिथला माणूस ते बघणारच. एका घरानं याच कारणानं नकार दिला. मग तिनं पोस्टकार्ड साइजचे फोटो छापणारा छोटा प्रिंटर हप्त्यावर घेतला. आता लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती वीस-पंचवीस फोटो पाकिटात घालून नवरीच्या आईच्या हातात देते आणि पैसे मेंदीच्या पैशांबरोबर घेते.