पोचपावती मागणारी स्क्रिप्ट

महिनाअखेरीला अनेक मोठ्या कंपन्यांमधून पगाराची एक फाइल बँकेकडे जाते. कर्मचाऱ्यांची नावं, खाते क्रमांक आणि रकमा तिच्यात असतात. ही फाइल कोणी पेन ड्राइव्हवर घालून नेत नाही आणि बहुतेक वेळा कोणी बटणही दाबत नाही. सर्व्हरवरची काही ओळींची एक स्क्रिप्ट ठरलेल्या वेळी सुरू होते, फाइल उचलते, बँकेच्या सर्व्हरवर ठेवते आणि संपते. विम्याचे हप्ते, दुकानांच्या दिवसभराच्या विक्रीचे आकडे, डेटाबेसचे बॅकअप अशा कितीतरी गोष्टी रात्री याच वाटेने जातात. रोज बिनबोभाट होणाऱ्या कामाकडे हळूहळू कोणाचंच लक्ष राहत नाही, आणि माझ्या मते या कामातला सर्वांत मोठा धोका तिथेच आहे. फाइल सुरक्षितपणे आणि आपोआप पाठवण्याची साधनं आज फुकट मिळतात. ती पोचली नाही तर कोणाला तरी कळावं, ही सोय मात्र मुद्दाम करावी लागते, आणि नेमकी तीच राहून जाते.

सुरक्षित प्रवासाचा प्रश्न कसा सुटला, ते आधी थोडक्यात पाहू. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याची एफटीपी ही पद्धत 1971 साली अभय भूषण यांनी मांडली. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर आणि तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. त्या काळी संगणकांच्या जाळ्यावर मोजकीच विद्यापीठं आणि संशोधनसंस्था होत्या, त्यामुळे पासवर्ड उघडा गेला तरी कोणाला वावगं वाटत नसे. पुढे जाळं पसरलं आणि वाटेत कान लावून बसणारे आले. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर असे पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथले संशोधक टाटू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. त्यात दोन यंत्रांमधलं सगळं बोलणं सांकेतिक होऊन जातं. 1999 मध्ये त्याची ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती आली आणि आज जगभरच्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर तीच असते. तिच्याबरोबर येणाऱ्या एसएफटीपीमुळे फाइल वाटेत कोणाला वाचता येत नाही की बदलता येत नाही. एवढं काम या साधनांनी चोख केलं आहे.

यंत्राला पासवर्ड विचारून भागत नाही, कारण मध्यरात्री तो टाइप करायला कोणी बसलेलं नसतं. तो स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवला, तर स्क्रिप्ट वाचू शकणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पडतो. म्हणून किल्ल्यांची जोडी वापरतात. खाजगी किल्ली पाठवणाऱ्याकडे राहते आणि सार्वजनिक किल्ली घेणाऱ्याच्या सर्व्हरवर नोंदवली जाते. यावर एक रास्त आक्षेप आहे. रात्री आपोआप चालायचं म्हणजे या खाजगी किल्लीला बहुधा परवलीचा शब्द नसतो. मग ती चोरीला गेली तर? उत्तर असं, की किल्ली चोरीला जाऊ शकते हे धरूनच तिला कमीत कमी अधिकार द्यावेत. या कामासाठी वेगळं खातं काढावं, ते एकाच फोल्डरपुरतं बांधून टाकावं, किल्ली ठरावीक आयपी पत्त्यावरूनच चालावी आणि तिने फाइल ठेवण्या-आणण्याखेरीज कोणतीही आज्ञा देता येऊ नये. हे सगळे निर्बंध ओपनएसएसएचमध्ये आधीपासून आहेत. उलट बाजूची एक चूक मात्र सर्रास दिसते. समोरच्या सर्व्हरची ओळख पटत नाही म्हणून स्क्रिप्ट अडकली, की कंटाळून ओळखतपासणीच बंद केली जाते. असं केलं की फाइल कुलूपबंद जाते खरी, पण कोणाच्या घरी जाते हे बघायला कोणी उरत नाही.

वेळ सांभाळण्याचं काम क्रॉन करतो. युनिक्सवर हा कार्यक्रम 1970 च्या दशकापासून आहे. त्याच्या तक्त्यात प्रत्येक कामाला एक ओळ असते आणि त्या ओळीत आधी वेळेचे पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. ‘30 2 * * 1-6’ म्हणजे सोमवार ते शनिवार पहाटे अडीच वाजता. क्रॉन अत्यंत आज्ञाधारक आहे आणि तितकाच निर्विकारही. फाइल अजून तयार होत आहे का, काल रात्रीचंच काम अजून चालू आहे का, हे तो बघत नाही. समजा, पगाराची फाइल तयार व्हायला त्या रात्री उशीर झाला आणि ठीक अडीचला स्क्रिप्टने चार हजारांपैकी अडीच हजार ओळींची फाइल उचलली. एसएफटीपी ती अडीच हजार ओळींची फाइल अगदी सुखरूप पोचवेल. एक्झिट कोड शून्य येईल, म्हणजे यंत्राच्या भाषेत सगळं ठीक. म्हणून फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहावी आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरं नाव द्यावं. शेवटच्या ओळीत एकूण नोंदी आणि एकूण रक्कम असावी. एसएचए-256 चा चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, सोबत जावा. बँकेकडून येणारी उत्तराची फाइल स्क्रिप्टने स्वतः आणून तिच्यातल्या आकड्यांशी ताळा करावा. रजिस्टर्ड पोस्टाची पोचपावती सही होऊन परत येईपर्यंत पत्र पोचलं असं आपण मानत नसू, तोच नियम इथे लागू आहे.

हा अतिरेकी सावधपणा वाटत असेल, तर गिटलॅब या कंपनीचं काय झालं ते पाहावं. 31 जानेवारी 2017 रोजी तिथल्या एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअप होते, निदान असा सर्वांचा समज होता. रोज क्रॉनमधून बॅकअप घेऊन दूरच्या साठ्यात पाठवण्याची व्यवस्था होती, पण तो साठा रिकामा निघाला. बॅकअप घेणाऱ्या कार्यक्रमाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, त्यामुळे प्रत्येक वेळी तो चूक दाखवून थांबत होता. त्या चुकीचे ईमेलही निघत होते. त्यांच्यावर आवश्यक ती ओळखखूण नसल्यामुळे घेणारा सर्व्हर ते नाकारत होता. म्हणजे काम बंद पडलं होतं, आणि ते बंद पडल्याची खबर देणारी वाटही बंद होती. एका अभियंत्याने सहा तास आधी वेगळ्याच कारणाने हाताने घेतलेली प्रत होती म्हणून बाकीचं वाचलं. मधल्या सहा तासांतल्या डेटाबेसमधल्या नोंदी गेल्या. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, म्हणून इतरांना त्यातून शिकता आलं.

डिसेंबर 2021 मध्ये क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर घडलेला प्रकार याहून बारीक आहे. बॅकअपच्या एका स्क्रिप्टमध्ये जुन्या लॉग फाइली काढून टाकण्याची सोय होती. तिची सुधारलेली आवृत्ती बसवली गेली तेव्हा जुनी आवृत्ती अजून चालू होती. बॅश हा शेल स्क्रिप्ट वाचता वाचता चालवतो. त्याने अर्ध्यावरून नवा मजकूर वाचायला सुरुवात केली, त्यातल्या व्हेरिएबलना किंमतच मिळालेली नव्हती आणि पुसण्याची आज्ञा लॉगऐवजी संशोधकांच्या फाइलींवर चालली. सुमारे 77 टेराबाइट, जवळपास 3 कोटी 40 लाख फाइली गेल्या. फटका बसलेल्या 14 संशोधनगटांपैकी चार गटांच्या फाइली बॅकअपमधूनही परत मिळवता आल्या नाहीत. किंमत नसलेलं व्हेरिएबल भेटताच थांबायला बॅशला एका ओळीत सांगता येतं, आणि चालू स्क्रिप्टवर नवी स्क्रिप्ट लिहू नये, हा साधा शिरस्ता आहे. नासधूस प्रचंड आणि उपाय ओळभर, असं या क्षेत्रात वारंवार दिसतं. म्हणून तो उपाय आधीच लिहून ठेवायला हवा.

मग घरगुती स्क्रिप्टचा नाद सोडून तयार सॉफ्टवेअर का घेऊ नये, असं कोणी विचारेल. मोठ्या संस्थांना ते घ्यावंच लागतं, कारण शेकडो भागीदार आणि हजारो फाइली स्क्रिप्टवर सांभाळणं कठीण होतं. पण विकत घेतल्याने जबाबदारी दुसऱ्याकडे जात नाही. मूव्हइट ट्रान्सफर हे खास याच कामासाठी विकलं जाणारं सॉफ्टवेअर. मे 2023 मध्ये त्यातल्या एका त्रुटीचा फायदा घेऊन क्लॉप या टोळीने जगभरच्या संस्थांचा डेटा चोरला. बीबीसी आणि ब्रिटिश एअरवेज यांच्या कर्मचाऱ्यांची माहितीही त्यात गेली, कारण त्यांच्या पगाराचं काम बघणारी कंपनी ते वापरत होती. स्क्रिप्ट असो वा सॉफ्टवेअर, बँकेकडे पोचलेली फाइल आपण आपल्या बाजूने पुसली का, दारात जुन्या फाइलींचा ढीग तर साचत नाही ना, हे पाहणं आपलंच काम. ढीग कमी, तर चोरी झाली तरी नुकसान कमी.

दुसरा आक्षेप लहान कार्यालयांचा. चेकसम, ताळा, निर्बंध हे सगळं आमच्यासारख्यांना कसं झेपणार? एवढं सगळं एका दिवसात करायची गरज नाही. पहिल्यांदा एकच गोष्ट करावी. काम यशस्वी झालं की स्क्रिप्टने दुसऱ्या एखाद्या यंत्राला तसा निरोप द्यावा, आणि ठरल्या वेळेपर्यंत तो आला नाही तर त्या यंत्राने माणसाच्या फोनवर इशारा द्यावा. चूक झाल्यावर ओरडणारी व्यवस्था सर्व्हरच बंद पडला तर गप्प राहते. यशाची वाट पाहणारी व्यवस्था अशा वेळीही बोलते. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशानुसार भारतात संस्थांना 180 दिवसांचे लॉग जपून ठेवावे लागतात. पण कोणी न उघडलेला लॉग दुर्घटनेनंतरच्या चौकशीला उपयोगी पडतो, दुर्घटना टाळायला नाही. ज्यांच्या कार्यालयात अशी रात्रीची कामं चालतात त्यांनी आपल्या तांत्रिक माणसाला एकच विचारावं: काल रात्री फाइल गेली नसती, तर आज किती वाजता आणि कोणाला कळलं असतं? या प्रश्नाला वेळ आणि नाव अशी दोन्ही उत्तरं मिळाली, तर ते काम खऱ्या अर्थाने यंत्रावर सोपवलं आहे असं म्हणता येईल. नाही मिळाली, तर ते अजून दैवावर सोपवलेलं आहे, आणि तिथून ते काढून घेणं दोन-चार तासांच्या मेहनतीत होण्यासारखं आहे.