थुंकायचं, चूळ भरायची नाही

सकाळी ८.३०
प्रार्थना संपेपर्यंत मी शाळेच्या व्हरांड्यात उजेडाच्या बाजूला खुर्ची मांडते. दातांच्या तपासणीआधी बाईंना विचारते, मुलं पाणी कुठलं पितात? इथे नळाला धरणाचं पाणी आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेलं की दात डागाळतात, फारच वाढलं तर हाडंही दुखावतात. तिथे आधी पाणी बदलायला हवं.

९.३०
पहिलीचा वर्ग. ‘आ कर बाळा.’ ओठ उचलून कापसाच्या बोळ्यानं दात कोरडा केला, की हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसतो. किडीची ही पहिली खूण. खड्डा अजून पडलेला नाही, म्हणजे दात सावरू शकतो. अशा दातांना मी फ्लोराइडचं व्हार्निश लावते. आज कडक काही खायचं नाही, ब्रश उद्या सकाळी.

११.००
मधली सुट्टी. हाताहातांत बिस्किटं, गोळ्या. दातावरच्या मऊ थरातले जंतू साखरेचं आम्ल करतात. काही मिनिटांत पीएच साडेपाचच्या खाली जातो आणि इनॅमलमधलं कॅल्शियम, फॉस्फेट झिरपू लागतं. लाळेला हे निस्तरायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात दुसरी गोळी तोंडात. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे दाताला जास्त भोवतं.

दुपारी १.३०
दवाखाना. आजीच्या मांडीवर तीन वर्षांचा नातू, वरचे पुढचे चारही दात किडलेले. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवूनच झोपतो. झोपेत लाळ फार कमी सुटते.
‘दुधाचेच आहेत, पडणारच ना डॉक्टर?’
‘पुढचे पडतील आजी, पण दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत हव्यात. पक्क्या दातांची जागा त्याच धरून ठेवतात.’

४.००
पालकांना पेस्टची ट्यूब उलटी करून दाखवते. मागे १००० पीपीएम फ्लोराइड लिहिलेलं हवं. मुलांच्या काही पेस्टमध्ये ते नसतंच. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट. गिळू द्यायची नाही. आणि ब्रश झाल्यावर फेस थुंकायचा, खळखळून चूळ भरायची नाही.
हे पटायला वेळ लागतो, कारण चूळ भरणं ही आपल्याकडे चांगली सवय. पण थोडं फ्लोराइड लाळेत आणि दातावर उरलेल्या थरात कॅल्शियमला धरून राहतं. जंतूंनी आम्ल केलं की ते सुटतं आणि झिरपलेली खनिजं परत दातात बसायला मदत करतं. कीड जिथे सुरू होते, तिथेच ते हवं. चुळीबरोबर ते मोरीत जातं.

संध्याकाळी ७.००
नोंदवही. सहाव्या वर्षी, एकही दात न पडता, मागे पक्की दाढ येते; घरच्यांना पत्ताही नसतो. अशा मुलांच्या नावापुढे खूण करते, त्या दाढेच्या खाचा बुजवायला बोलवायचं असतं. तीन ते सहा महिन्यांनी व्हार्निश पुन्हा. मधले सगळे दिवस मात्र घरच्यांच्या हातात आहेत. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनीच करून द्यावा, आणि ब्रशनंतर पाण्याशिवाय काही देऊ नये.