अंग आंबलंय?

वर्षभराच्या खंडानंतर बैठका मारल्या की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना हात आपोआप कठड्याकडे जातो. हे दुखणं 24 ते 72 तासांत सर्वाधिक जाणवतं. आपण ‘अंग आंबलं’ म्हणतो, पण आंबट लॅक्टिक आम्लाचा इथे दोष नाही. ते तासाभरात निवळतं. स्नायूंतच बारीक इजा होते, असं थिओडोर हॉफ यांनी 1902 मध्ये सुचवलं होतं. ताणला जात असताना भार पेलणारा स्नायू जास्त दुखतो. म्हणून गिरीजची हिरा डोंगरी चढताना दम लागतो, मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे! खंडानंतर व्यायाम सुरू करताना पहिला आठवडा नेहमीच्या निम्म्या वजनावर काढा. दुखत असलं तरी थोडं चाला. तोच व्यायाम पुढच्या वेळी कमी दुखवतो. लघवी कोऱ्या चहासारखी दिसली, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.