हेडलाइटला श्वास घेऊ द्या

हिवाळ्याच्या पहाटे कोरेगाव भीमाजवळ नदीवरून धुकं उठतं आणि नगर रोडवर पसरतं. सणसवाडी, रांजणगावच्या कारखान्यांकडे निघालेल्या एखाद्या गाडीच्या हेडलाइटमध्येही तेच साचलेलं दिसतं. मालक काच बाहेरून पुसत राहतो. आतलं बाष्प ढिम्म हलत नाही.

मग सगळ्या सांध्यांवर सिलिकॉन थापून दिवा ‘पॅक’ केला जातो. चुकतं ते इथेच. हेडलाइट पूर्ण हवाबंद नसतो आणि नसावाही. दिवा तापला की आतली हवा फुगून मागच्या छिद्रांतून बाहेर पडते, थंडावला की बाहेरची आत ओढली जाते. पाच लिटर हवा ६० अंशांवरून २५ अंशांवर आली, तर सुमारे अर्धा लिटर नवी हवा आत येते. तापलेल्या दिव्यावर वॉशिंग सेंटरमध्ये गार पाण्याचा फवारा बसला की ही ओढ एकदम वाढते. फट असेल, तर पाणीही आत शिरतं.

३० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं, १० अंशांना जेमतेम साडेनऊ. उरलेलं सर्वांत थंड भागावर, म्हणजे पुढच्या काचेवर जमतं. (हल्ली ती बहुधा काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं.) पाच लिटरच्या दिव्यात हा फरक ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याएवढा. असा पातळ थर दिवे लावून गाडी चालवली की सहसा विरतो. तो बिघाड नव्हे. एलईडीत मात्र बरीचशी उष्णता मागे जाते, पुढचा भाग थंडच राहतो, म्हणून तिथे थर रेंगाळतो.

अनेक दिव्यांत छिद्रांवर पीटीएफईचा पडदा असतो. तो बाष्प जाऊ देतो, थेंब अडवतो. चिखलाने तो बुजला की श्वास कोंडतो. त्यामुळे आधी छिद्रं साफ करावीत आणि बल्ब बदलताना मागचं रबरी झाकण नीट बसलंय का, ते पाहावं. सिलिका जेलची पुडी टाकणं ही तात्पुरती मलमपट्टी. स्वतःच्या वजनाच्या साधारण एकतृतीयांश पाणी शोषलं की ती निकामी होते.

तळाशी पाणीच डचमळत असेल, तर गळती शोधायला हवी. दिवा काढून, वाळवून, छिद्रं तात्पुरती बंद करायची, आत अगदी हलक्या दाबाने हवा सोडायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. पंक्चरवाल्यासारखंच: बुडबुडे जिथे उठतील, तिथला सांध्यातला जुना ब्युटाइल सीलंट काढून नवा भरायचा. छिद्रं मात्र मोकळी ठेवायची.